पोलिश विद्यार्थ्यांना ‘पुट ऑफ’ शिकवताना

प्रश्न : मी मूळची सांगलीची. तिथे नऊ वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. गेली दोन वर्षे पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरात राहते आणि घरच्या घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. माझी एक विद्यार्थिनी दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात काम करते. तिने एका इंग्रज रुग्णबाईंना इमेल पाठवली, ‘आय हॅव पुट ऑफ युअर एक्स-रे फॉर यू’. तुमचा एक्स-रे मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे, असे तिला म्हणायचे होते. त्या बाईंनी मात्र एक्स-रे काढायचे पुढे ढकलले आहे असा अर्थ घेतला आणि त्या दिवशी त्या आल्याच नाहीत. दुसरा विद्यार्थी अठरा वर्षांचा आहे आणि मे महिन्यात त्याची ‘मातुरा’, म्हणजे शालान्त परीक्षा, आहे. त्याच्या वहीत ‘पुट ऑफ’पुढे चार पोलिश अर्थ लिहिलेले आहेत आणि या चार अर्थांचा एकमेकांशी संबंध काय, असे तो विचारतो. मला उत्तर देता आले नाही, कारण आम्हीही हे पाठच केले होते. हा गुंता सोडून सरळ ‘पोस्टपोन’ शिकवून मोकळे व्हावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मोकळ्या होऊ नका. ‘पोस्टपोन’ हा शब्द सरकारी पत्रात शोभतो आणि तो चारांपैकी एकाच अर्थाला पुरतो. शिवाय त्याच्या पोटात तेच चित्र दडलेले आहे, कारण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘नंतर ठेवणे’ असा होतो. तेव्हा ‘ठेवणे’ या क्रियेपासून तुमची सुटका तिथेही नाही. राहिला तुमचा अठरा वर्षांचा विद्यार्थी. त्याने विचारलेला प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे निम्मे उत्तर त्याच्या मातृभाषेतच आहे. उरलेले निम्मे, गंमत अशी, तुमच्या मातृभाषेत आहे.

प्रथम दवाखान्यातल्या मुलीची चूक पाहू, कारण तिला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. पोलिशमध्ये ‘ओद्वोझिच’ असे एक क्रियापद आहे. त्यातील ‘ओद’ हा उपसर्ग ‘पासून दूर’ असा अर्थ देतो आणि पुढचा भाग ठेवण्याचा आहे. म्हणजे शब्दशः पाहिले तर हे ‘पुट ऑफ’च झाले, आणि डॉक्टरांची भेट पुढे ढकलण्यासाठी पोलिश माणूस खरोखरच हे क्रियापद वापरतो. जोडी इतकी नेमकी जुळल्यावर कोणता विद्यार्थी शंका घेईल? अडचण अशी की पोलिश ‘ओद्वोझिच’चा संसार ‘पुट ऑफ’पेक्षा बराच मोठा आहे. वाचून झालेले पुस्तक जागेवर ठेवायचे, बोलणे संपल्यावर फोनचा रिसीव्हर खाली ठेवायचा, सुट्टीसाठी पैसे साठवायचे, दुकानदाराने गिऱ्हाइकासाठी एखादी वस्तू राखून ठेवायची, या सगळ्यांना पोलिशमध्ये तेच एक क्रियापद चालते. इंग्रजी मात्र इथे दर वेळी शेपूट बदलते. पुस्तकाला ‘पुट बॅक’, रिसीव्हरला ‘पुट डाउन’, पैशांना आणि राखून ठेवलेल्या वस्तूला ‘पुट असाइड’, आणि फक्त कामाला, भेटीला, निर्णयाला ‘पुट ऑफ’. मराठीत आपणही असेच वेगवेगळे बोलतो. पुस्तक ठेवून देतो, पैसे बाजूला टाकतो, साडी राखून ठेवतो आणि भेट पुढे ढकलतो. भेट राखून ठेवली असे कोणी म्हटले तर आपल्यालाही क्षणभर कळणार नाही.

त्या मुलीला एकच कसोटी द्या. जी गोष्ट हातात धरता येते तिला आजच्या इंग्रजीत ‘पुट ऑफ’ लावू नये. एक्स-रेची फिल्म हातात धरता येते, म्हणून ती ‘पुट असाइड’. एक्स-रे काढणे ही क्रिया हातात धरता येत नाही, म्हणून ती ‘पुट ऑफ’ होऊ शकते. इंग्रजीत ‘एक्स-रे’ हा शब्द दोन्हींसाठी असल्यामुळेच त्या रुग्णबाईंचा गैरसमज झाला आणि त्यात त्यांचीही चूक म्हणता येत नाही. (माणूस हातात धरता येतो आणि तरीही त्याला ‘पुट ऑफ’ करता येते, अशी शंका कोणी काढली तर तिचे उत्तर पुढे येईल.)

आता त्या मुलाकडे वळू. इंग्रजीची ही दोन शब्दांची क्रियापदे पोलिश विद्यार्थ्यांना परग्रहावरची वाटतात, पण त्यांच्या भाषेत हीच यंत्रणा रात्रंदिवस चालू असते. फरक एवढाच की त्यांचा तुकडा क्रियापदाच्या आधी चिकटलेला असतो आणि इंग्रजीचा नंतर, सुटा. ‘ओद्वोझिच’च्याच घरात ‘पोवोझिच’ म्हणजे खाली ठेवणे, ‘झावोझिच’ म्हणजे अंगावर चढवणे, ‘प्शेवोझिच’ म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे आणि ‘झ्वोझिच’ म्हणजे घडी घालणे, अशी भावंडे आहेत. आपण शाळेत संस्कृत शिकताना प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही रांग म्हटलेली असते. तसेच हे आहे. वैदिक भाषेत तर उपसर्ग धातूला सोडून वाक्यात दूरही जाऊन बसत असे, जसा इंग्रजीचा ‘ऑफ’ आजही बसतो. हे ऐकल्यावर पोलिश मुलाला संस्कृतचे कौतुक वाटेलच असे नाही, पण तुमचा स्वतःचा धीर वाढेल.

या भावंडांमुळे एक खड्डाही तयार होतो, तो आधीच दाखवून ठेवा. ‘झावोझिच’ म्हणजे कोट अंगात घालणे, त्याचे इंग्रजी ‘पुट ऑन’. मग कोट काढणे म्हणजे ‘पुट ऑफ’, असा हिशेब मुले करतात. आपल्याकडची मुलेही हाच हिशेब करतात आणि पावसाळ्यात रेनकोट ‘पुट ऑफ’ करतात. तर्क निर्दोष आहे आणि एके काळी इंग्रजीत तो चालतही होता. 1611 साली छापल्या गेलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात जुना माणूस वस्त्रासारखा ‘पुट ऑफ’ करायला सांगितले आहे. आज मात्र कोट ‘टेक ऑफ’ होतो. या बाबतीत पोलिश विद्यार्थ्याला त्याच्याच भाषेची साक्ष काढता येईल, कारण पोलिशमध्येही कोट काढताना ‘ओद्वोझिच’ म्हणत नाहीत. त्यासाठी ‘झ्द्यॉन्च’ हे निराळेच क्रियापद आहे.

आता चार अर्थांचा संबंध. वहीतले अर्थ बहुधा असे असतील : पुढे ढकलणे, मन उडवणे, लक्ष विचलित करणे आणि एखाद्याला काहीतरी सांगून वाटेला लावणे. पोलिशमध्ये या चारांना चार निरनिराळी क्रियापदे आहेत आणि ‘ओद’ हा उपसर्ग त्यांतल्या पहिल्यालाच लागतो. म्हणून त्या मुलाला बाकीचे तीन अर्थ उपरे वाटतात. मराठी मात्र इथे तुमच्या मदतीला येते. ‘ऑफ’साठी मराठीत ‘वरून’ घेऊन पाहा. टेबलावरून, गाडीवरून, रुळांवरून हे प्रत्यक्ष दिसणारे अर्थ झाले. पैसे न देता बसलेल्या प्रवाशाला बसमधून उतरवले तर इंग्रजीत तेही ‘पुट ऑफ’च. मग भेट पुढे ढकलली म्हणजे ती ठरलेल्या तारखेवरून हलवली. माशांचा वास सहन न होऊन जेवण नकोसे झाले म्हणजे मन जेवणावरून उडाले. कॅरम खेळताना शेजारी कोणी बोटे मोडू लागले आणि नेम चुकला म्हणजे लक्ष सोंगटीवरून उडाले. आणि उधारी मागायला आलेल्याला गोड बोलून परत धाडले म्हणजे त्याला दारावरून परतवले. चारही ठिकाणी काहीतरी कशावरून तरी हललेले आहे. बदलते ते इतकेच की काय हलले आणि कशावरून हलले. माणसाला ‘पुट ऑफ’ करता येते ते याच वाटेने : त्याचे मन, त्याचे लक्ष किंवा तो स्वतः आपल्या दारावरून हलतो.

हा शब्दाचा इतिहास म्हणून सांगू नका, लक्षात ठेवण्याची युक्ती म्हणून सांगा. पोलिश मुलाला ‘वरून’ कळणार नाही, तेव्हा फळ्यावर एक आडवी रेघ ओढा, तिच्यावर एक ठिपका ठेवा आणि तो रेघेवरून बाजूला सरकलेला दाखवा. मग चार वाक्ये द्या आणि प्रत्येकात ठिपका कोणता, रेघ कोणती, एवढेच विचारा. अर्थ विचारूच नका. तो आपोआप येतो.

मन उडण्याच्या अर्थावर थोडा जास्त वेळ द्या, कारण पोलिश माणसाच्या सर्वांत जास्त चुका तिथे होतात. पोलिशमध्ये या अर्थाला ‘झ्न्येहेंचिच’ म्हणतात. त्यात ‘न्ये’ म्हणजे नकार आणि ‘हेंच’ म्हणजे इच्छा. सगळा शब्द मिळून ‘इच्छा घालवणे’. आपल्याकडे आजारी माणसाची अन्नावरची वासना उडते, तीच ही कल्पना. पण पोलिशमध्ये ज्या गोष्टीची इच्छा गेली तिच्याआधी ‘दो’ हे अव्यय यावे लागते आणि त्याचा ढोबळ अर्थ इंग्रजी ‘टू’सारखा होतो. म्हणून पोलिश विद्यार्थी ‘इट पुट मी ऑफ टू फिश’ असे लिहितो. इंग्रजीत हे जास्तीचे अव्यय लागत नाही, कारण ‘ऑफ’ स्वतःच ते काम करतो : ‘इट पुट मी ऑफ फिश’, ‘इट पुट मी ऑफ माय लंच’. मध्ये माणूस, त्याच्यामागे ‘ऑफ’ आणि लगेच ती वस्तू. याच अर्थातून ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण झाले आहे आणि ते रोजच्या बोलण्यात फार उपयोगी पडते. एखाद्याचे वागणे, खोलीतला वास, अर्जाची बारा पानांची लांबी, यांपैकी काहीही ‘ऑफ-पुटिंग’ असू शकते.

लक्ष विचलित करण्याचा अर्थ ब्रिटनच्या इंग्रजीत अधिक चालतो. त्याचा पोलिश शब्द ‘रोस्प्राशाच’ हा विखुरण्याचा आहे, त्यामुळे त्यांचे चित्र रेघेवरून सरकण्याचे नसून दाणे उधळल्याचे असते. एवढे सांगितले की पुरे. वाटेला लावण्याचा अर्थ मात्र सुंदर जुळतो. ‘ही पुट मी ऑफ विथ अ प्रॉमिस’ या वाक्यातल्या ‘विथ’च्या जागी पोलिशमध्ये ‘झ्बिच’ या क्रियापदासह तृतीया येते, आणि आपणही कोणाची आश्वासनांवर बोळवण करतो. बोळवण हा शब्द तुम्हाला सांगलीत रोज ऐकू येत असेल. तिथल्या ऊस उत्पादकाला यापेक्षा अधिक स्पष्टीकरण लागू नये.

व्याकरणाच्या तीन गोष्टी परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, नाम ‘ऑफ’च्या आधी किंवा नंतर कुठेही बसेल, पण ‘इट’, ‘देम’, ‘मी’ यांसारखे छोटे सर्वनाम मध्येच बसले पाहिजे. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही बरोबर, पण ‘पुट ऑफ इट’ चूक. पोलिश उपसर्ग क्रियापदाला कायमचा जखडलेला असल्यामुळे मुलांना ‘पुट’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये कोणाला बसवायचे धाडस होत नाही, म्हणून ही सवय तोंडी घोटून घ्यावी लागते. दुसरी, पुढे क्रियापद आले तर ते ‘इंग’ लावून येते : ‘पुट ऑफ गोइंग’, ‘पुट ऑफ टू गो’ नव्हे. इथेही मराठीचा कान तुमच्या उपयोगी पडेल, कारण आपण ‘जायला पुढे ढकलले’ म्हणत नाही, ‘जाणे पुढे ढकलले’ म्हणतो, आणि ते ‘जाणे’ म्हणजेच ‘गोइंग’. पोलिशमध्येही ‘ओद्वोझिच’नंतर असेच क्रियावाचक नाम येते, पण इंग्रजी बोलताना मुले ते विसरतात.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पोलिशमध्ये ‘ओद्वोझिच’ म्हणजे एकदा ढकलून मोकळे होणे आणि ‘ओद्क्वादाच’ म्हणजे ढकलत राहणे. बहुतेक क्रियापदांची अशी जोडी त्यांच्या हाडीमासी भिनलेली असते. इंग्रजी ‘पुट’ मात्र वर्तमानकाळात ‘पुट’ आणि भूतकाळातही ‘पुट’च राहतो. ‘आय पुट ऑफ द डेंटिस्ट’ हे वाक्य ऐकून दंतवैद्याला एकदा टाळले की सहा महिने टाळत आलो, हे पोलिश माणसाला कळत नाही आणि त्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. त्याला ‘कीप’ द्या. ‘आय केप्ट पुटिंग इट ऑफ’ म्हणजे ‘ओद्क्वादाच’, आणि मराठीत ‘पुढे ढकलत राहिलो’. मराठीतले हे ‘राहणे’ आणि इंग्रजी ‘कीप’ सख्खी भावंडे आहेत. माझ्या अनुभवात या एका वाक्यानंतर पोलिश विद्यार्थ्यांची इंग्रजीवरची तक्रार निम्म्याने कमी होते.

भेटींच्या व्यवहारात आणखी दोन शब्द लागतील. भेट कायमची रद्द केली तर इंग्रजीत ‘कॉल ऑफ’. पोलिशमध्ये ‘ओद्वोवाच’, म्हणजे ‘ओद’ आणि ‘हाक मारणे’. ‘पुट ऑफ’ला ‘ओद्वोझिच’ आणि ‘कॉल ऑफ’ला ‘ओद्वोवाच’ अशी दुहेरी जुळणी हाती आली की मुले हरखून जातात आणि प्रत्येक ‘ओद’ला ‘ऑफ’ लावत सुटतात. तिथे लगाम घाला. ‘ओद्पोव्येजेच’ म्हणजे उत्तर देणे आणि ‘ओद्क्रिच’ म्हणजे शोध लावणे. दोन्हींत ‘ऑफ’चा मागमूस नाही. उलट दिवा बंद करण्याच्या ‘टर्न ऑफ’ला पोलिशमध्ये ‘ओद’ लागत नाही, तर ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागतो. दोन भाषा इतक्या आज्ञाधारकपणे एकमेकींच्या मागे चालत नाहीत.

दुसरा शब्द ‘प्शेवोझिच’. भेट शुक्रवारवर नेली असे पोलिश माणूस म्हणतो तेव्हा ती आधीच्या दिवसावर आणली की नंतरच्या, हे क्रियापद सांगत नाही. ‘पुट ऑफ’ मात्र नेहमी नंतरच. सोमवारची भेट आधीच्या शुक्रवारी आणली तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणावे. इथे तुम्हाला स्वतःलाही सावध राहायला हवे, कारण आपल्या जिभेवर ‘प्रीपोन’ बसलेले आहे. आपल्या कार्यालयांत तो शब्द बिनतक्रार चालतो आणि मला तो आवडतोही, पण दवाखान्यातल्या मुलीने इंग्रज रुग्णाला तो लिहिला तर पुन्हा एक गोंधळ होईल आणि त्याचे खापर तुमच्यावर फुटेल.

उच्चाराबद्दल थोडेसे. पोलिशमध्ये शब्दाच्या शेवटी आलेला ‘व्ह’ कानाला ‘फ’ होतो, त्यामुळे ‘ऑफ’ आणि संबंधवाचक ‘ऑव्ह’ हे दोन्ही त्यांच्या तोंडी एकच होतात आणि मग लिहितानाही ‘पुट ऑफ’मधला एक ‘एफ’ गळतो. यावर हसायचा अधिकार आपल्याला नाही, कारण आपण बँक ऑफ महाराष्ट्र असे अगदी पाटीवरही लिहितो. दुसरे म्हणजे आघात. पोलिश शब्दात तो बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, म्हणून ‘पुट इट ऑफ’ म्हणताना मुले ‘इट’वर किंवा ‘पुट’वर जोर देतात. जोर ‘ऑफ’वर हवा. तो तिथे पडला की सर्वनाम मध्ये बसवण्याची सवयही जिभेला लागते.

पुढच्या तासाला त्या मुलीकडून तिचीच इमेल दोनदा लिहून घ्या. एकदा एक्स-रेची फिल्म राखून ठेवली आहे असे : ‘आय हॅव पुट युअर एक्स-रे असाइड फॉर यू’. आणि एकदा एक्स-रे काढणे शुक्रवारवर गेले आहे असे : ‘वुई हॅव हॅड टू पुट ऑफ युअर एक्स-रे अन्टिल फ्रायडे’. दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचायला लावा, दुसऱ्यात ‘युअर एक्स-रे’च्या जागी ‘इट’ घालायला सांगा आणि ‘इट’ कुठे जाते ते तिचे तिला शोधू द्या. मुलाच्या वहीतले चार अर्थ खोडू नका. प्रत्येक अर्थाशेजारी ती आडवी रेघ आणि बाजूला सरकलेला ठिपका काढायला सांगा, आणि रेघेवर पहिल्या अर्थात तारीख, दुसऱ्यात जेवण, तिसऱ्यात खेळ आणि चौथ्यात दार असे लिहू द्या.